नाद, गंध आणि मृगया : हरिणाच्या शिकारीचे ज्ञान कोणाचे?

१

‘मृगया’ हा शब्द ज्या धातूपासून आला त्या ‘मृग्’ या धातूचा अर्थ ‘मारणे’ असा नसून ‘शोधणे’ असा आहे. याच कुळातल्या ‘मार्गण’ या शब्दाला शोध, याचक आणि बाण असे तीन अर्थ आहेत. ‘मृग’ म्हणजे प्रथम रानातला कोणताही पशू आणि पुढे विशेषकरून हरीण. शिकारीचा गाभा शस्त्र चालवण्यात नाही, पशूचा माग लागण्यात आणि त्याला जवळ आणण्यात आहे, ही जाण शब्दाच्या घडणीतच आहे. हरीण माणसापेक्षा वेगाने धावते, त्याचे कान आणि नाक माणसाच्या कितीतरी पट तीक्ष्ण असते. म्हणून धनुष्याची कल्पना सुचण्याच्या आधीपासून शिकाऱ्यापुढे दोनच प्रश्न होते : हरणाच्या कानाला काय ऐकवावे, आणि त्याच्या नाकापासून काय लपवावे?

प्रस्तुत निबंधात या दोन प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या ग्रंथांचा आणि ती उत्तरे जगणाऱ्या माणसांचा परस्परसंबंध तपासायचा आहे. संस्कृत, प्राकृत, फार्सी, ग्रीक आणि मराठी या भाषांतील साहित्याने नादाने भुललेल्या हरणाची प्रतिमा शतकानुशतके वापरली. परंतु तो नाद काढणाऱ्याचे ज्ञान कोणाचे होते, ते कोणत्या भाषेत सांगितले जात होते, हा प्रश्न साहित्येतिहासाने क्वचितच विचारला. तौलनिक अभ्यासाला तो टाळता येणार नाही, असे येथे प्रतिपादन आहे.

या विचाराला स्थलाचाही एक संदर्भ आहे. दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणाऱ्या कोपर्निकस मार्गावर जुने महाराष्ट्र सदन आहे, १९७१ साली सुरू झालेले कमानी सभागृह आहे, आणि फरीदकोट हाउस या पूर्वीच्या संस्थानी वास्तूत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे मुख्य पीठ आहे. चौकाला लागूनच रवींद्र भवनात साहित्य अकादमी आहे. ती ज्या रस्त्यावर आहे त्याला फिरोजशाह तुघलकाचे नाव आहे. शिकारीचे वेड असलेल्या या सुलतानाच्या चौदाव्या शतकातील शिकारगृहांचे अवशेष दिल्लीच्या डोंगरधारेवर अजून दिसतात. संगीत, साहित्य, राजसत्ता आणि अरण्याचा कायदा ही चारही क्षेत्रे येथे शेजारी नांदतात. हरणाच्या शिकारीचा इतिहास याच चार क्षेत्रांत विखुरलेला आहे.

२

राजाच्या बाजूने लिहिलेले ग्रंथ प्रथम पाहू. कौटिल्याने मृगयेची गणना कामज व्यसनांत केली. तरी द्यूताशी तुलना करताना तिचे गुणही सांगितले. व्यायाम होतो, मेद झडतो, स्थिर आणि चल लक्ष्यावर नेमबाजीचा सराव होतो, आणि कोप व भय यांच्या वेळी पशूचे चित्त कसे असते हे कळते, असा त्याचा युक्तिवाद आहे. ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकात सेनापती दुष्यंतापुढे जवळजवळ हाच युक्तिवाद करतो. यातील शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. पशूचे चित्त ओळखणे हा ज्ञानाचा भाग आहे. परंतु ते राजाला शिकवतो कोण, याविषयी शास्त्र मौन पाळते.

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातला ग्रंथ मराठी अभ्यासकांना परिचित आहे तो त्यातील गीतप्रकरणात सापडणाऱ्या प्राचीन मराठी ओळींमुळे. त्याच ग्रंथात, राजाच्या विनोदांच्या विंशतीत, मृगयेचे सविस्तर प्रकरण आहे. माणसाळवलेली हरणे पुढे करून रानातली हरणे भुलवण्याची युक्ती त्यात नोंदलेली आहे. मराठीचा आरंभ शोधताना आपण गीतविनोद वाचला आणि मृगयाविनोद बाजूला ठेवला, ही निवड आपल्या अभ्यासपद्धतीविषयी काही सांगून जाते. वास्तविक दोन्ही प्रकरणांचा विषय एका अर्थाने समान आहे : योजलेल्या नादाने किंवा रूपाने दुसऱ्याचे चित्त वेधणे.

अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त तंत्राचा तपशील अधिक आहे. शिकवलेल्या हरणाच्या शिंगांना जाळे बांधून त्याला रानातल्या नराशी झुंजायला सोडतात आणि झुंजीत रानटी नराची शिंगे जाळ्यात अडकतात, हा एक प्रकार. दुसरा ‘घंटाहेडा’ : शिकारी टोपलीच्या किंवा ढालीच्या आडोशाला दिवा ठेवतो, स्वतः अंधारात राहतो आणि लहान घंटा वाजवतो, प्रकाश आणि आवाज यांकडे पशू धावत येतात आणि दबा धरलेले इतर जण त्यांना टिपतात. वाद्याने किंवा गाण्याने मोहवून पशूला जवळ आणल्यावर निर्दयपणे उठून मारण्याच्या रीतीचाही उल्लेख आहे, आणि बादशहाला हे दोन्ही प्रकार फार पूर्वीपासून नापसंत असल्याचे अबुल फजल सांगतो. अन्य एका प्रकारात शिकारी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला दबा धरतात. गंधाचे सर्व शास्त्र या एका सूचनेत सामावले आहे. वारा शिकाऱ्याकडून हरणाकडे वाहत असेल तर उत्तम धनुर्धरही निरुपयोगी ठरतो.

बादशहाची नापसंती येथे विचार करण्याजोगी आहे. हाका घालून शेकडो पशू घेरणे त्याला वर्ज्य नव्हते. गाण्याने बोलावून मारणे वर्ज्य होते. हिंसेची मात्रा हा येथे निकष नाही. गाण्यावर विश्वास ठेवून आलेल्याचा घात करणे हे क्षात्रवृत्तीला हीन वाटले, असाच याचा अर्थ लावावा लागतो. म्हणजे एकच तंत्र राजाच्या दृष्टीने अनुचित आणि पोटासाठी शिकार करणाऱ्याच्या दृष्टीने अपरिहार्य होते. जहांगीराने मनसराज नावाच्या आपल्या लाडक्या हरणाच्या स्मृतीसाठी शेखूपुऱ्याजवळ हिरण मिनार उभारला. पाळीव हरणांशी झुंजण्यात आणि रानटी हरणे पकडण्यात या हरणाची बरोबरी कोणी करू शकत नव्हते, अशी त्याची ख्याती होती. भुलवणाऱ्या हरणाला मिनार मिळाला. त्याला शिकवणाऱ्या माणसाचे नाव मात्र राहिले नाही.

हे ज्ञान केवळ भारतीय नव्हते. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावरील प्राणिविषयक ग्रंथाच्या नवव्या भागात हरणे गाण्याने आणि पाव्याने पकडली जातात असे सांगितले आहे. दोन माणसे लागतात. एक उघडपणे वाजवतो किंवा गातो, दुसरा मागे राहून पहिल्याने खूण करताच बाण मारतो. हरणाचे कान ताठ असतील तर त्याला चाहूल लागते, कान पडलेले असतील तर लागत नाही, अशी बारीक नोंदही तेथे आहे. हे निरीक्षण ग्रंथकाराला पुस्तकातून मिळालेले दिसत नाही. ते कोणा शिकाऱ्याच्या तोंडून आलेले असावे, आणि अकबराच्या दरबारातील घंटाहेड्यामागेही असाच कोणी अनामिक जाणकार उभा असावा. परस्परांशी थेट संबंध नसलेल्या दोन परंपरांत एकच तंत्र आढळते तेव्हा त्याचे उगमस्थान प्रभावात शोधण्याऐवजी हरणाच्या स्वभावात शोधणे अधिक योग्य.

३

राजग्रंथांत नाद हे साधन आहे; भक्तिग्रंथांत तो दृष्टान्त होतो. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने केलेल्या चोवीस गुरूंपैकी एक हरीण आहे. पारध्याच्या गीताला भुलून ते बांधले गेले. त्यापासून वनवासी यतीने विषयगीत न ऐकण्याचा धडा घ्यावा, असा तेथील उपदेश आहे. लगेच पुढे उदाहरण येते ते हरिणीच्या पोटी जन्मलेल्या ऋष्यशृंगाचे. एकनाथांनी १५७३ साली वाराणसीत पूर्ण केलेल्या आपल्या भागवतटीकेत हा प्रसंग मराठीत आणला आणि कीर्तनपरंपरेने तो घराघरांत पोचवला. हरीण कानाने, पतंग डोळ्याने, मासा जिभेने, हत्ती स्पर्शाने आणि भ्रमर गंधाने मरतो, ही पंचेंद्रियांची मांडणी मराठी श्रोत्याला पाठच असते.

या मांडणीत एक स्थलांतर घडले आहे. आईनमधील गाण्याने मारणारा माणूस निर्दय आहे; भागवतातील दोष मात्र ऐकणाऱ्याचा आहे. पारधी येथे जवळजवळ निसर्गाचा नियम होऊन जातो. तो का गातो, त्याला भूक आहे का, त्याच्या घरी कोण आहे, हे प्रश्न दृष्टान्ताच्या कक्षेत येत नाहीत. ऋष्यशृंगाच्या कथेत तर शिकारीची सगळी अंगे उलटी होऊन दिसतात. महाभारताच्या वनपर्वात वारांगना आश्रमात येते, आणि ती गेल्यावर हा भोळा मुलगा वडिलांना सांगतो की त्या पाहुण्याचा आवाज कोकिळेसारखा होता आणि वाऱ्याबरोबर त्याच्या अंगाला वसंतातल्या वनासारखा गंध येत होता. आवाज, गंध आणि वाऱ्याची दिशा ही शिकाऱ्याची तिन्ही साधने येथे हजर आहेत. फरक इतकाच, की अरण्यात वाऱ्याने शिकाऱ्याचा गंध सावजापर्यंत जाऊ नये म्हणून धडपडावे लागते, आणि येथे तो जावा म्हणूनच योजना आहे. शिकारीचे प्रत्यक्ष ज्ञान असल्याशिवाय ही कथा इतकी नेमकी रचली गेली नसती.

संगीताच्या परंपरेने याच नात्याला तिसरे वळण दिले. रागमाला चित्रांत तोडी रागिणी वीणा घेतलेल्या स्त्रीच्या रूपात येते आणि तिच्याभोवती हरणे जमलेली असतात. दख्खनी चित्रशाळांनीही हे रूप रंगवले. येथे नाद आहे, हरीण आहे, पण बाण नाही. कमानी सभागृहासारख्या ठिकाणी तोडी ऐकणाऱ्या रसिकाला तिच्यातली करुणा परिचित असते. ती करुणा शिकारीतून शिकारी वजा केल्यावर उरलेली आहे, याचे मात्र क्वचितच स्मरण होते.

४

गंधाची कथा वेगळ्या मार्गाने आली. कस्तुरीमृग हिमालयातला प्राणी आहे. महाराष्ट्राच्या रानात तो कधी नव्हता. प्राणिशास्त्रदृष्ट्या तो खऱ्या हरिणकुळातही मोडत नाही. नराच्या पोटाशी असलेल्या ग्रंथीतील कस्तुरी व्यापाऱ्यांच्या गाठोड्यातून दक्षिणेत आली आणि तिच्याबरोबर, स्वतःचाच गंध रानभर शोधत फिरणाऱ्या मृगाची प्रतिमाही आली. आत्मस्वरूप बाहेर शोधणाऱ्या जीवासाठी उत्तरेतील संतांप्रमाणे मराठीतही ती रूढ झाली. नादाची प्रतिमा मराठी मुलखातल्या माळरानावरील निरीक्षणातून पोसली गेली. गंधाची प्रतिमा व्यापारी मालाबरोबर आयात झाली. म्हणूनच नादाच्या दृष्टान्तात पारधी दिसतो, कस्तुरीच्या दृष्टान्तात तो दिसत नाही, कारण कस्तुरी बाजारात पोचेपर्यंत त्याचा चेहरा पुसला गेलेला असतो.

येथल्या हरणांनाही गंध आहे, पण काव्याने त्याची दखल घेतली नाही. काळविटाचा नर डोळ्याखालील ग्रंथींचा स्राव काड्यांना आणि झुडपांना लावतो, ठरावीक जागी लेंड्या टाकून आपली हद्द आखतो आणि त्या हद्दीत दुसरा नर खपवून घेत नाही. शिकवलेला नर पुढे सोडून रानटी नराला झुंजीत गुंतवण्याची सोमेश्वराच्या आणि अकबराच्या काळची युक्ती या वर्तनावरच आधारलेली आहे. मनुस्मृतीने ज्या भूमीत काळवीट स्वभावतः संचार करतो ती यज्ञाला योग्य भूमी ठरवली. म्हणजे काळविटाने गंधाने आखलेल्या हद्दीवर धर्मशास्त्राने स्वतःचा नकाशा काढला. ही हद्द वाचू शकणारा माणूस मात्र त्या नकाशाच्या बाहेर राहिला.

५

मराठी आणि महाराष्ट्री प्राकृत वाङ्मयात पारध्याला माणूस म्हणून पाहणारे काही थोडे पाठ आहेत. हालाच्या ‘गाथासप्तशती’त, जिची स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली सिद्ध केलेली मराठी आवृत्ती आजही आधारभूत आहे, एक गाथा अशी : हरीण आणि हरिणी एकमेकांना वाचवण्यासाठी आळीपाळीने बाणासमोर येतात, आणि ते पाहून व्याधाचे धनुष्य त्याच्या आसवांनी भिजून गळून पडते. ‘लीळाचरित्रा’तील चक्रधरांच्या आश्रयाला आलेला ससा आणि त्याचा माग काढत आलेले पारधी यांची लीळा प्रसिद्ध आहे. तेथे पारधी बोलतात आणि त्यांच्याशी बोलले जाते. श्रीधरांच्या ‘शिवलीलामृता’तील (१७१८) महाशिवरात्रीची कथा तर मराठी घरांत सर्वाधिक वाचली गेलेली शिकारकथा असेल. जलाशयाकाठच्या बेलावर व्याध रात्रभर बसतो, नजर मोकळी व्हावी म्हणून पाने खुडून खाली टाकतो, आणि हरणे एकेक करून त्याला परत येण्याचे वचन देतात.

या कथेचा पुण्यार्थ सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातील तंत्र मात्र दुर्लक्षित राहिले. पाण्यावर यावेच लागणारे सावज, उंचावर बसल्यामुळे जमिनीलगत न पसरणारा माणसाचा वास, पाने खुडून मोकळी केलेली दृष्टिरेषा, आणि निश्चल बसण्याचा संयम : मचाणावरच्या शिकारीची सगळी अंगे येथे आहेत. भक्तिकथेने तंत्र जसेच्या तसे ठेवून त्याचा अर्थ बदलला. पानांचे खुडणे पूजा झाले, जागरण व्रत झाले. नादाने हरणाला फसवण्याऐवजी हरणाचे बोलणे ऐकून व्याध बदलला. भागवताच्या दृष्टान्तात हरीण ऐकते आणि मरते. येथे व्याध ऐकतो आणि तरतो. मराठी परंपरेने नादाच्या दृष्टान्ताला दिलेले हे उत्तर आहे, असे मानायला जागा आहे.

६

ग्रंथांतून बाहेर येऊन प्रत्यक्ष पारध्याकडे वळले की भाषा एकदम बदलते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात पारध्यांचे पोटभेद त्यांच्या तंत्रांवरून दिले आहेत : फास लावणारे फासेपारधी, चित्ता बाळगणारे चित्तेवाले, बैलाच्या आडोशाने सावजाजवळ जाणारे गायके. गोसावी पारधी भगवी वस्त्रे वापरतात आणि हरीण मारत नाहीत, अशीही नोंद तेथे आहे. गायक्यांचे तंत्र पाहण्याजोगे आहे. चरणारा बैल हरणाच्या ओळखीचा असतो. त्याच्या आकाराने माणसाचा आकार झाकतो आणि त्याच्या वासात माणसाचा वास मिसळतो. तित्तिराचा हुबेहूब आवाज काढून त्याला फाशाकडे आणण्यातले पारध्यांचे कसब तर सर्वश्रुत आहे. जमातीच्या पोटभेदांची नावेच जर तंत्रांची नावे असतील, तर ती नावे म्हणजे एक न लिहिलेले शास्त्र आहे.

त्याच काळात या शास्त्राच्या धन्यांना गुन्हेगार ठरवण्यात आले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई इलाख्यालाही लागू झाला. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गुन्हेगार जाती’ हे पुस्तक याच वर्षीचे. १९१५ च्या त्यांच्या ‘गावगाड्या’तही फिरस्त्या जमातींकडे पाहण्याची दृष्टी महसुली अंमलदाराचीच आहे. माग काढणे, चाहूल न लागू देणे, अंधारात हालचाल करणे, प्राण्यांचे आवाज काढून एकमेकांना खुणावणे ही सगळी कौशल्ये आता दरोड्याची पूर्वतयारी म्हणून वाचली जाऊ लागली. दृष्टान्तात जो पारधी निसर्गनियम होता, तो दप्तरात जन्मजात गुन्हेगार झाला. दोन्हीकडे त्याचे स्वतःचे बोलणे अनुपस्थितच राहिले. हा कायदा १९५२ साली रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या गेल्या. संशय मात्र विमुक्त झाला नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबरच फास लावणे, सापळा रचणे आणि हाका घालणे यांचाही समावेश केला. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याने होणाऱ्या शिकारीचाही मार्ग बंद झाला. काळविटासारख्या प्राण्याचा ऱ्हास पाहता हा कायदा आवश्यक होता, यात शंका नाही. बंदुका, मोटारी आणि नांगराखाली गेलेली माळराने यांनी केलेल्या संहारापुढे फाशांचा वाटा किती, हा प्रश्न मात्र उरतोच. चित्ते बाळगून काळवीट मारण्याचा कोल्हापूर दरबाराचा शौक विसाव्या शतकातही चालू होता. त्याला ‘परंपरा’ म्हटले गेले. पारध्याच्या फासाला ‘गुन्हा’ म्हटले गेले. कोपर्निकस मार्गावरील हरित न्यायाधिकरणाची २०१० साली स्थापना झाली तेव्हा त्याच्या अधिकारक्षेत्राच्या अनुसूचीत वन (संवर्धन) कायदा आणि जैवविविधता कायदा आले, वन्यजीव कायदा आला नाही. त्यामुळे पारध्याची गाठ पर्यावरणाच्या न्यायपीठाशी न पडता फौजदारी न्यायालयाशीच पडते. अरण्याचा जाणकार म्हणून त्याला कोणत्याही व्यासपीठावर स्थान नाही.

७

या ज्ञानाचे काय झाले, हा साहित्याच्या अभ्यासकांचा प्रश्न का मानावा? कारण ते मुख्यतः भाषेत साठलेले होते. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात पारधी बोलीची गणना भिल्ल गटात आहे. गुजरातीशी तिचे नाते जवळचे. म्हणजे महाराष्ट्राच्या माळरानाविषयीचे सर्वात सूक्ष्म ज्ञान मराठीत नव्हते. ते मराठीच्या शेजारी, मराठी न वाचणाऱ्या बोलीत होते. मराठीत हरीण, काळवीट, चिंकारा, सांबर, चितळ, भेकर, चौशिंगा, पिसोरी अशी नावे आहेत. परंतु चितळाची धोक्याची हाक आणि माजावरच्या नराची हाक यांना वेगळे शब्द सामान्य वाचकाकडे नाहीत. वाऱ्याच्या दिशेनुसार माणसाच्या जागेला नाव नाही. प्रमाण भाषेला ज्याची गरज पडली नाही ते तिने घेतले नाही.

ही उणीव ओळखणारे लेखक मराठीत झाले. व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) शिकारीकडून निरीक्षणाकडे वळले आणि त्यांच्या गद्यात रानाचा आवाज आला. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनाधिकारी म्हणून हिंडताना आदिवासी आणि पारधी जाणकारांकडून शब्द गोळा केले, नवे घडवले आणि हंसदेवाचे ‘मृगपक्षीशास्त्र’ मराठीत आणण्याच्या कामी हात घातला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडाने भटक्या-विमुक्तांच्या बोलींना ग्रंथात जागा दिली. तरीही यांतील बहुतेक ठिकाणी पारधी माहिती देणारा आहे, लिहिणारा नाही. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ या आत्मकथनांनी विमुक्तांचे जगणे साहित्य अकादमीच्या पुरस्कारापर्यंत नेले. परंतु त्यांचा भर न्याय्य कारणांनी अन्यायावर होता, ज्ञानावर नव्हता. अरण्य हिरावले गेल्यावर उरलेली माणसे त्यांत बोलतात. अरण्याविषयी त्यांना जे ठाऊक होते ते बोलायला अजून अवकाश मिळालेला नाही.

शिकारीचे पुनरुज्जीवन येथे कोणाला अभिप्रेत नाही. ज्या कानाने हरणाला बोलावता येते त्याच कानाने ते मोजताही येते. ज्या डोळ्याला फासाची जागा कळते त्याच डोळ्याला दुसऱ्याने लावलेला फासही दिसतो. संरक्षणाला या जाणकारांची गरज आहे, आणि त्यांना गुन्हेगारीच्या शिक्क्याखेरीज दुसऱ्या ओळखीची गरज आहे. तौलनिक साहित्याचे काम याहून मर्यादित, पण निश्चित आहे. ‘मानसोल्लास’, ‘आईन’, एकनाथी भागवत, ‘शिवलीलामृत’ आणि रसेल-हिरालालांची नोंद हे पाठ एकत्र ठेवून वाचले, तर प्रत्येकात एकाच माणसाची चाहूल लागते : वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला, आडोशामागे, श्वास रोखून बसलेल्या माणसाची. राजाने त्याचे कसब वापरले, संताने त्याला दृष्टान्त केले, सरकारने त्याला यादीत घातले. पारधी बोलीतला हाकांचा आणि गंधाचा शब्दसंग्रह ती बोली बोलणाऱ्या वृद्धांकडून त्यांच्याच नावाने नोंदवून घेणे, आणि तो मराठीच्या कोशात त्यांच्या उल्लेखासह येणे, ही या वाचनाची पहिली फलश्रुती ठरावी. मृगयेचा मूळ अर्थ शोध असा आहे. आता तो शोध हरणाचा नसून या ज्ञानाच्या धन्याचा आहे.